परिचारिकेने उभारलेले रुग्णालय : कमलाताई होस्पेट

नागपूरच्या सीताबर्डीवरील मातृसेवा संघात जन्मलेली माणसे विदर्भात घरोघरी भेटतात. मात्र प्रसूतिसेवेची ही मोठी संस्था कुणा नामांकित डॉक्टरने नव्हे, तर कमलाताई होस्पेट या परिचारिकेने वेणूताई नेने यांच्या साथीने १९२१ मध्ये स्थापन केली, हे अनेकांच्या ध्यानी नसते.

कमलाताईंचा जन्म १८९६ चा. कोवळ्या वयात विवाह झाला आणि वैधव्यही लवकरच आले. त्या काळी विधवेच्या वाट्याला माजघराचा कोपरा येई. कमलाताईंनी मात्र नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्येचे आणि सुईणपणाचे शिक्षण घेतले. भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी यासाठी १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला होता. तरीही बाळंतपण करणे हे विटाळाचे आणि हलके काम, अशीच पांढरपेशा समाजाची समजूत होती.

या समजुतीची किंमत बाळंतिणी मोजत. अंधाऱ्या, कोंदट खोलीत प्रसूती होई. दाईपाशी अनुभव असे. पण जंतुसंसर्गाचे ज्ञान नसे. डॉक्टरपाशी ज्ञान असे. परंतु त्याला बोलावणे जाई ते सारे उपाय थकल्यावर. परपुरुषाला त्या खोलीत प्रवेश देण्यासही घरची मंडळी नाखूश असत. दाई आणि डॉक्टर यांच्यामधल्या या दरीत अनेक स्त्रियांचे प्राण गेले. ती दरी सांधण्यासाठी दोहोंची भाषा जाणणारी प्रशिक्षित परिचारिका हवी होती.

प्रसूतिगृहात डॉक्टर अष्टौप्रहर खाटेजवळ नसतो. कळांमधील अंतर, पोटातील बाळाचे ठोके, नाडीची गती, रक्तस्रावाचे प्रमाण यांवर परिचारिकेचीच नजर असते आणि डॉक्टरांना केव्हा बोलवायचे, हेही बहुधा तीच ठरवते. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव फार थोड्या वेळात जीव घेऊ शकतो. अशा वेळी परिचारिका बोलायला कचरली, किंवा तिचे बोलणे कुणी कानाआड केले, तर डॉक्टरांचे कौशल्यही निष्फळ ठरते. परिचारिकेने केवळ हुकूम झेलावेत, असा रुग्णालयांचा तेव्हाचा रिवाज होता. मातृसेवा संघात तर संस्थेची धुराच परिचारिकेने वाहिली. डॉक्टरांच्या विद्येला तिथे मान होताच. पण खाटेजवळच्या सेवेला दुय्यम लेखून ती संस्था उभीच राहिली नसती.

बाळंतीण घरी गेल्यावर रुग्णालयाचे हात तोकडे पडतात. रक्तक्षय झालेल्या मातेला औषध लिहून देता येते. पण तिच्या ताटात पुरेसे अन्न पडते का, तिला विश्रांती मिळते का, हे औषधाच्या चिठ्ठीतून कळत नाही. ते जाणून घेणे हे समाजकार्यकर्त्याचे काम. मुंबईत समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण १९३६ मध्ये सुरू झाले आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. नागपुरात १९५८ मध्ये मातृसेवा संघानेच समाजकार्याचे महाविद्यालय सुरू केले. प्रसूतिगृहापासून निघालेली वाट पुढे मतिमंद मुलांच्या शाळेपर्यंत आणि वृद्धाश्रमापर्यंत गेली.

१९६१ मध्ये कमलाताईंना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी तपासयादी जाहीर केली. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी छेद घेण्यापूर्वी क्षणभर थांबून एकमेकांशी स्पष्ट बोलावे, असे तीत सांगितले आहे. रुग्णाजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाचा शब्द मोलाचा असतो, हे जगाने असे लेखी मान्य केले. कमलाताईंनी परिचर्येला प्रतिष्ठा मिळवून दिली, ती त्याच्या कितीतरी आधी. ती प्रतिष्ठा परिचारिकांपुरती मर्यादित नव्हती. तिच्यावर बाळंतिणींचे प्राण अवलंबून होते.