तळ्याला ज्यांचं नाव आहे

दरवर्षी संक्रांतीला स्टीलच्या वाट्या नाहीतर प्लास्टिकचे डबे वाण म्हणून द्यायचे आणि दुसऱ्याच दिवशी ते माळ्यावर टाकायचे, याचा आम्हा भिशीच्या बायकांना कंटाळा आला होता. म्हणून एका जानेवारीत ठरवलं, वाण नको, त्या पैशात कुठंतरी जाऊन येऊ. लातूरहून रात्री एकला गाडी निघाली. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत उजाडायच्या बेताला आम्ही भिगवणजवळच्या कुंभारगावात उतरलो. नांदेडहून माझी जाऊ यासाठी मुद्दाम आली होती, तीही लालभडक साडी नेसून!

तिथं उजनी धरणाचं पाणी पसरलेलं आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालेली आम्ही लातूरची माणसं, एवढं पाणी बघून आधी गप्पच झालो. होडी चालवणारा पोरगा मासेमारी करणाऱ्या घरातला. हिवाळ्यात तो पाहुण्यांना पक्षी दाखवतो. त्यानं आमच्या लाल साडीवर शाल घ्यायला लावली, होडीत कुणी उभं राहायचं नाही म्हणून दम दिला आणि थोडं पुढं गेल्यावर इंजिन बंद करून बांबूनं होडी ढकलू लागला. समोर उथळ पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो उभे होते. काडीसारखे लांब पाय, मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलातलं बारीक खाणं गाळत होते. मधेच पाच-पन्नास एकदम उडाले आणि पंखांखालचा तो गुलाबी रंग... बाई गं, पैठणीच्या काठाला नसतो!

पोरगा एकेक नाव सांगत होता. चित्रबलाक, शेकाट्या, चक्रवाक, हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब. जावेनं त्याला विचारलं, एवढी नावं कुठं शिकलास? त्यानं सलीम अलींच्या पुस्तकाचं नाव घेतलं. जाऊ चमकली. तिची लेक संभाजीनगरला शिकायला होती तेव्हा दिल्ली गेटाजवळचं सलीम अली सरोवर तिनं कितीदा पाहिलं होतं. तिला वाटायचं, तळं बांधणारा कुणी नवाब असेल! आम्ही हसलो खऱ्या, पण आमच्यातल्या निम्म्या जणींनाही तेवढंच माहीत होतं.

तर मैत्रिणींनो, हे सलीम अली नवाब नव्हते. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेलं, भरल्या घरातलं हे शेंडेफळ. पोर वर्षाचं असताना वडील गेले, तीन वर्षांचं असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरात या पोरक्या भाच्यांना वाढवलं.

मामाला शिकारीचा नाद, म्हणून भाच्याच्या हातातही छऱ्याची बंदूक आली. एके दिवशी त्यानं एक चिमणी पाडली. मारलेलं खायचं, हा घरचा रिवाज. पण या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खायला चालते की नाही? पोरगा चिमणी घेऊन मामाकडे गेला. मामालाही सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथले सचिव मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. दहा-बारा वर्षांचं पोर मेलेली चिमणी कागदात बांधून दारात उभं. दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं. मिलार्डसाहेबांनी तिचं नाव तर सांगितलंच, शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. खेळ संपला आणि नाद लागला तो तिथं.

शाळेत मात्र यथातथाच. डोकेदुखीचा त्रास, त्यामुळे शिक्षणात खंड. १९१३ मध्ये मॅट्रिक कशीबशी पास झाले, कॉलेज अर्धवट सुटलं. घरच्यांनी ब्रह्मदेशात भावाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर पाठवलं. हिशेबापेक्षा जंगलात जास्त वेळ गेला असणार, हे मी सांगायला नको. तो धंदा पुढे बुडालाच. मधल्या काळात, डिसेंबर १९१८ मध्ये, नात्यातल्याच तहमीनाशी लग्न झालं.

आता या तहमीनाबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण सरोवराला तिचं नाव नाही.

ती सुखवस्तू घरातली, इंग्लंडमध्ये राहून शिकलेली. कविता, पुस्तकं, चांगलं बोलणं-लिहिणं याची आवड. नवरा कसा, तर डिग्री नाही, धंदा बुडालेला आणि डोक्यात पाखरं! सरकारी प्राणीशास्त्र खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली, तीही डिग्रीअभावी गेली. शेवटी १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना माहिती सांगणाऱ्या गाइड लेक्चररची नोकरी लागली. महिना ३५० रुपये, त्या काळी चांगला पगार. पण शास्त्र नीट शिकल्याशिवाय पुढं जाता येणार नाही हे कळल्यावर रजा काढून ते जर्मनीला गेले, बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेझेमान या मोठ्या तज्ज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन बघतात, तर पैसे नाहीत म्हणून ती नोकरीच रद्द केलेली!

वय तेहतीस-चौतीस, हातात काही नाही. अशा वेळी घरात काय बोललं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. कुठंतरी कारकुनी बघा, माझ्या माहेरच्यांशी बोलू का... तहमीनानं तसं केलं नाही. नवऱ्यानं आवडीचंच काम करावं, आपण कमी पैशात राहू, असा कौल तिनं दिला. दोघं मुंबईचं घर सोडून अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेली.

किहीमला सुगरणींची वस्ती होती. विहिरीवर, बाभळीला लोंबणारे ते खोपे आपण लहानपणापासून बघतो. बेकार माणसाला वेळच वेळ, सलीम अली तासन्तास त्यांच्यासमोर बसून राहिले आणि कोण येतं, कोण जातं, काय आणतं ते टिपत राहिले. त्यातून जे निघालं ते ऐकून तुम्हीही हसाल. खोपा विणतो तो नर. मादी येते ती अर्धा झालेला खोपा तपासायला. विणीत खोट दिसली की निघून जाते, पसंत पडला तर मुक्काम करते. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरीला बोलावतो! सुगरण हे बाईमाणसाचं नाव आपण कुणाला देऊन बसलोय बघा. नोकरी गेली नसती तर हा अभ्यास झाला नसता. जगभरच्या पक्षीतज्ज्ञांनी त्याची दखल घेतली.

त्यानंतरचं काम थेट आपल्या मुलखाशी जोडलेलं आहे. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. नांदेड त्याचा एक जिल्हा, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. संस्थानात कुठले पक्षी आहेत, कुठं घरटी करतात, कधी येतात-जातात, याची नीट नोंद कुणीच केली नव्हती. सलीम अलींनी सोसायटीपुढं प्रस्ताव ठेवला की मला पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळाला तर मी हे करतो. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली आणि पुढं त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थानांमागून संस्थानं.

तहमीना बरोबर असायची. कालपर्यंत मुंबईच्या दिवाणखान्यात वावरणारी बाई आज तंबूत, उद्या डाकबंगल्यात, परवा कुठल्या जंगलात. मुक्काम हलवायचा, सामान बांधायचं, आणि नवरा पहाटेच निघून गेलेला! बाईनं नवऱ्याबरोबर तालुक्याच्या गावी जायचं म्हटलं तरी चार जणांना विचारावं लागायचं, अशा काळात ही बाई रानोमाळ हिंडत होती. सलीम अलींचं इंग्रजी लिहिणं सोपं, बोलल्यासारखं झालं तेही तिच्यामुळे. त्यांनी स्वतःच त्याचं श्रेय तिला दिलंय.

एक गोष्ट लपवायला नको. या पाहण्यांमध्ये पक्षी मारले जायचे. तेव्हा शास्त्राची रीतच तशी होती. मारलेल्या पक्ष्याचं कातडं भरून, चिठ्ठी बांधून संग्रहात ठेवल्याशिवाय नोंद पक्की मानत नसत. सलीम अलींनीही तेच केलं आणि आपल्या शिकारीबद्दल ते मोकळेपणानं बोलतही. आज दुर्बीण आहे, कॅमेरा आहे. आपल्याला नाक मुरडणं सोपं आहे.

१९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तहमीना गेली. एकवीस वर्षांचाही संसार नाही, मूलबाळ नाही. सलीम अली बेचाळीस वर्षांचे. घरच्यांनी पुन्हा लग्नाचं मनावर घेतलंच असेल, पण ते पुढची अठ्ठेचाळीस वर्षं एकटे राहिले. बहीण कमू आणि मेहुणे यांनी त्यांना आपल्या घरात सामावून घेतलं. लहानपणी मामी, मग बायको, मग बहीण. या माणसाचं घर कायम कुठल्या ना कुठल्या बाईनं सांभाळलं, म्हणून तो रानात हिंडू शकला, असं माझं आपलं मत.

दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. शास्त्रज्ञांसाठी नव्हे, खिडकीतून पक्षी बघणाऱ्या साध्या माणसासाठी लिहिलेलं, चित्रांसहित. त्याच्या किती आवृत्त्या निघाल्या! होडीतल्या आमच्या पोरानं ज्याचं नाव घेतलं ते हेच. पुढं अमेरिकेच्या डिलन रिपले यांच्याबरोबर त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवर दहा खंड काढले, ते काम १९६४ ते १९७४ चाललं.

आणि ते रोहित! १९४५ मध्ये सलीम अली कच्छच्या रणात गेले. खारट चिखलात, जिथं माणूस राहूच शकत नाही, तिथं रोहितांची वसाहत. चिखलाची बुटकी बुटकी जोती घालून त्यावर अंडी. त्यांनी अंदाज बांधला, पक्षी असतील पाच लाखांच्या आसपास! उजनीला हिवाळ्यात दिसणारे रोहित तिकडूनच येतात असं मानतात. म्हणजे लाल साडीवाल्या आमच्या जाऊबाईंनी ज्यांना पाहिलं, त्यांच्या आज्या-पणज्यांना सलीम अलींनी मोजलेलं असू शकतं.

राजस्थानातलं भरतपूर तर त्यांच्या जिव्हाळ्याचं. तिथंही पाणथळीत होडीतून पक्षी बघायला लोक जातात. तिथं राजेरजवाड्यांच्या शिकारी व्हायच्या. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरं पडली. तारीख बघितलीत? नेमका सलीम अलींचा वाढदिवस. स्वातंत्र्यानंतर ती पाणथळ शेतीला द्यायचा विचार होता, ती वाचावी म्हणून सलीम अलींनी आपलं सगळं वजन वापरलं. पुढं तिथं राष्ट्रीय उद्यान झालं.

पण तिथंच त्यांची चूकही झाली. उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये गावकऱ्यांच्या म्हशी आत चारायला बंदी आली. या बंदीला सलीम अलींचा पाठिंबा होता. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. आणि मग त्यांच्याच सोसायटीच्या कित्येक वर्षांच्या अभ्यासात निघालं की म्हशी होत्या म्हणून पाण्यातलं गवत आटोक्यात होतं. म्हशी गेल्या, गवत माजलं, पक्ष्यांना उघडं पाणी मिळेना. हे कुठल्याही गुराख्याच्या बायकोनं सांगितलं असतं, पण विचारतो कोण! तरी त्या सोसायटीचं एक मानते मी. स्वतःच्या मोठ्या माणसाविरुद्ध जाणारा निष्कर्ष तिनं दाबून ठेवला नाही.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाचे पैसे त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकले. स्वतःसाठी हौस एकच, मोटारसायकलची. १९५० मध्ये स्वीडनच्या परिषदेला जाताना चोपन्नाव्या वर्षात आपली गाडी बोटीनं नेऊन ते युरोपभर फिरले. २० जून १९८७ रोजी मुंबईत ते गेले, तेव्हा नव्वद पूर्ण होते. गोव्यात मांडवीच्या चोडण बेटावर, खारफुटीतून होडीनं फिरायला मिळतं त्या अभयारण्याला त्यांचं नाव आहे. आणि आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. सुरुवात मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसाला आणि शेवट सलीम अलींच्या.

मागच्या महिन्यात नांदेडला गेले होते. जाऊबाई मला संध्याकाळी विष्णुपुरीच्या जलाशयावर घेऊन गेल्या. पर्समधून किराण्याच्या हिशेबाची वही काढली. मला वाटलं, येताना भाजी घ्यायची असेल. मागच्या पानांवर तारखा होत्या, आणि तारखांखाली : शेकाट्या अकरा, पाणकावळा सात, खंड्या एक, चक्रवाक दोन, आणि एक बदकासारखा, डोकं तांबूस, ओळखला नाही.