महाराष्ट्रातल्या बायकांना साडीची फॅशन शिकवणारा पुरुष : गोष्ट बालगंधर्वांची

एखाद्या हिरोइनने सिनेमात वेगळ्या पद्धतीची साडी नेसली की आठवड्याभरात लक्ष्मी रोडवर तसलीच साडी मागायला गर्दी होते. शंभर वर्षांपूर्वीही असंच व्हायचं. फरक एवढाच, की तेव्हाची हिरोइन पुरुष होती.

नाव नारायण श्रीपाद राजहंस. महाराष्ट्र त्यांना ओळखतो ते बालगंधर्व म्हणून.

जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणापासून गळा गोड. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या पोराचं गाणं ऐकलं आणि खूश होऊन त्याला बालगंधर्व म्हटलं, असं सांगतात. पुढे हेच नाव खऱ्या नावापेक्षा मोठं झालं.

१९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. त्या काळी तथाकथित चांगल्या घरातल्या बाईने रंगभूमीवर उभं राहणं समाजाला मान्य नव्हतं. त्यामुळे शकुंतला असो की सुभद्रा, लुगडं नेसून पुरुषच उभे राहायचे. अशा नटाला स्त्रीपार्टी म्हणत. बालगंधर्वांच्या आधीही अनेक स्त्रीपार्टी होऊन गेले होते. मग यांच्यात वेगळं काय होतं?

तर, ते फक्त बाईचं सोंग घेत नव्हते. पदर कसा सावरायचा, नथीचा तोल सांभाळून मान कशी वळवायची, लाजताना नजर कुठे जाते, गजरा कुठे माळला की शोभतो, हे सगळं त्यांनी बारकाईनं टिपलं होतं. शालू अस्सल, दागिने घरंदाज आणि अत्तर उंची. बरं, अत्तराचा वास काही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणार नव्हता. पण स्टेजवर उभ्या असलेल्या रुक्मिणीला तो जाणवला पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

नाटक बघायला आलेल्या बायका मग गाण्याइतक्याच लक्ष देऊन त्यांचा पेहराव बघायच्या. त्यांची साडी नेसायची पद्धत, केसांची ठेवण आणि दागिने घराघरांत पोहोचले. बायकांनी कसं दिसावं हे एक पुरुष ठरवत होता आणि ते बायकांनाही आवडत होतं. आज हे वाचताना थोडं खटकतं आणि ते खटकायलाही हवं. कारण ज्या बायका ही स्टाइल घरी उचलत होत्या, त्यांना स्टेजची पायरी चढायची मुभा नव्हती.

या सौंदर्याची किंमत त्यांनी स्वतःही मोजली.

१२ मार्च १९११. मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा असं कुणीही म्हटलं असतं. पण लोक आलेत, नाटक झालंच पाहिजे, यावर ते ठाम राहिले. २२ वर्षांच्या त्या बापाने तोंडाला रंग लावला आणि संध्याकाळी लाडात वाढलेली श्रीमंत भामिनी उभी केली. याला निष्ठा म्हणायची की स्वतःवरचा अन्याय, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. आता हात आखडता घ्यायला सांगणारा मालक नव्हता. 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांच्या चाली, तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. साथीला इतके मोठे कलावंत असलेली नाटक कंपनी आज कल्पनेतसुद्धा परवडणार नाही. 'द्रौपदी'साठी तर त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. व्हायचं तेच झालं, कंपनी कर्जात बुडाली. हिशेबाच्या वह्या हा त्यांचा प्रांत कधीच नव्हता.

आता गंमत बघा. शालू आणि दागिन्यांसाठी आठवले जाणारे बालगंधर्व ज्या भूमिकांनी मोठे झाले, त्यातल्या दोन अगदी उलट्या आहेत. 'मानापमान'ची भामिनी दागिने उतरवून साध्या वेषातली वनमाला होते, तेव्हा धैर्यधर तिच्या प्रेमात पडतो. आणि १९१९ साली आलेल्या राम गणेश गडकरींच्या 'एकच प्याला'मधल्या सिंधूचा संसार नवऱ्याच्या दारूपायी धुळीला मिळतो. अंगावर ना शालू, ना सोनं. तरी लोक सिंधूसाठी ढसाढसा रडायचे. म्हणजे त्यांचं सौंदर्य शालूत नव्हतंच, ते बघण्यात, वागण्यात आणि गळ्यात होतं. एवढं कर्ज ज्या झगमगाटापायी झालं, त्याची गरज सगळ्यात कमी कुणाला असेल तर ती त्यांनाच होती.

मग काळ बदलला. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि त्यात दुर्गा खोटे तारामती झाल्या. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. खऱ्या बाईला बघण्याची सवय लागलेल्या प्रेक्षकाला स्त्रीपार्टी जुना वाटू लागला. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ साकारले, पण कॅमेऱ्यासमोर ते रमले नाहीत. परत स्टेजवर आले. पन्नाशी उलटल्यावरही लुगडं नेसून उभे राहिले. शरीर थकलं होतं, पण ती पहिली तान ऐकायला लोक यायचेच.

१९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. तोवर वैभवाचे दिवस कधीच सरले होते. १५ जुलै १९६७ ला पुण्यात ते गेले. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं.

त्या रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत. एकात ते पुरुषवेषात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेषात. पुढच्या वेळी नाटकाला गेलात तर मध्यंतरात वडापावच्या रांगेत घुसण्याआधी दोन मिनिटं ती बघा. अनोळखी माणसाला ती दोन वेगळी माणसं वाटतील. त्या दोघांच्या मधलं अंतर रोज संध्याकाळी पार करणं, हेच त्यांचं आयुष्य होतं.