डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि हृदयातील गाठीमुळे होणारा पक्षाघात

भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. मात्र त्यांचे सुरुवातीचे शिक्षण नागपुरात झाले, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यांचा जन्म १९१५ साली कोलकात्यात झाला. नागपूरहून ते मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि पुढे तिथल्याच केईएम रुग्णालयात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले.

त्या काळी संधिवाताच्या तापामुळे हृदयाची डावी झडप अरुंद झालेले रुग्ण मोठ्या संख्येने येत. धडधडत्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात बोट घालून, केवळ स्पर्शाच्या आधारे ही झडप रुंद करावी लागे. भारतात ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्या पहिल्या शल्यविशारदांमध्ये डॉ. सेन होते.

या पद्धतीला एक मर्यादा होती. त्याच कप्प्यात कधीकधी मिक्सोमा नावाची गाठ वाढते. ती कर्करोगाची नसते. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला ती देठाने चिकटलेली असते आणि झडपेच्या तोंडाशी आली की लक्षणे झडप अरुंद झाल्यासारखीच दिसतात. गाठ मऊ व ठिसूळ असते. चाचपडणाऱ्या बोटाने तिचा तुकडा सुटला, तर तो रक्ताबरोबर थेट मेंदूत जाऊ शकतो. म्हणजे ती काढायची तर हृदय उघडून, डोळ्यांनी पाहूनच काढायला हवी. १९५४ साली स्वीडनमध्ये क्लॅरेन्स क्राफर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने ते प्रथम यशस्वीपणे केले.

उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया भारतात उभी करण्यासाठी डॉ. सेन यांनी प्रयोगशाळेत आणि शस्त्रक्रियागृहात अनेक वर्षे काम केले. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी हृदय प्रत्यारोपण केले. असे करणारे ते जगातले चौथे शल्यविशारद. रुग्ण मात्र काही तासांतच दगावला. मेंदूमृत्यूला भारतात कायद्याची मान्यता १९९४ साली मिळाली. ते पाहायला डॉ. सेन नव्हते, १९८२ साली त्यांचे निधन झाले होते.

आज तुमच्या घरात कोणाला पक्षाघात झाला, तर या इतिहासाचा उपयोग काय? तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे दिसताच १०८ला फोन करा आणि मेंदूचे सीटी स्कॅन होईल अशा रुग्णालयात पोहोचा. रक्तस्राव नसेल, तर पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. पण अडकलेला तुकडा गाठीचा असेल, तर तो औषधाने विरघळेलच असे नाही. मोठी रक्तवाहिनी बंद असल्यास नळीवाटे तो बाहेर काढतात आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवतात.

रुग्ण तरुण असेल, रक्तदाब किंवा मधुमेह नसेल, तर हृदयाची इको तपासणी झाली का, हे आवर्जून विचारा. कूस बदलल्यावर लागणारी धाप, बारीक ताप किंवा घटलेले वजन असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डॉ. सेन यांच्या सुरुवातीच्या काळात इको नव्हती. आज ही गाठ काही मिनिटांत दिसू शकते.

गाठ सापडली की केवळ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण गाठीचे तुकडे त्यांनी थांबत नाहीत. गाठ मुळासकट काढणे हाच उपाय. मेंदूची इजा लहान असेल तर शस्त्रक्रिया लवकर करतात. इजा मोठी असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर काही काळ थांबावे लागते, कारण यंत्रावर असताना रक्त पातळ ठेवावे लागते. हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद मिळून घेतात. काही रुग्णांमध्ये गाठ पुन्हा होते, क्वचित ती आनुवंशिकही असते. म्हणून बरे वाटू लागले तरी पुढच्या इको तपासण्या चुकवू नका.