बडोद्यानंतरची सहा वर्षे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील चवदार तळे, गोलमेज परिषद, घटना समिती आणि नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे आपल्या घराघरांत पाठ आहेत. १९१७ ते १९२३ हा कालखंड मात्र बहुधा दोन-चार वाक्यांत उरकला जातो. उच्चविद्याविभूषित असा एक तरुण या वर्षांत उपजीविकेसाठी दारोदार फिरत होता. मढपासून घोडेगावपर्यंतच्या या डोंगरी मुलखातून पदवी घेऊन, माळशेज उतरून कल्याण-मुंबईकडे गेलेल्या आणि तेथे वर्ष-दोन वर्षे मनाजोगे काम न मिळालेल्या तरुणांची संख्या थोडी नाही. त्यांच्या पालकांनी व त्यांनी स्वतः ही सहा वर्षे जवळून पाहावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करावयाची, असा करार होता. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू झाला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ च्या उन्हाळ्यात दोन्ही अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. निघताना त्यांनी एक गोष्ट आठवणीने केली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. पुढच्या सर्व खटपटीला याच मुदतीचा धाक होता, असे मला वाटते. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या बोटीने येत होती ती पाणबुडीच्या माऱ्यात बुडाली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईस उतरले, तेव्हा वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेऊन जमविलेला ग्रंथसंग्रह समुद्रतळाशी गेला होता.

सप्टेंबरमध्ये ते बडोद्यास गेले. महाराजांनी त्यांना लष्करी सचिव नेमले; पुढे त्यांना अर्थमंत्री करण्याचा त्यांचा मानस होता. एवढ्या थोर राजाचा पाठिंबा असूनही शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. अखेर एका पारशी वसतिगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले. कचेरीत शिपाई कागदपत्रे दुरूनच टाकीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला व सायंकाळपर्यंत जागा खाली करण्याची ताकीद देऊन गेला. दोन मित्रांकडे, एक हिंदू व एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही वेगवेगळ्या सबबी सांगितल्या. रात्रीच्या गाडीला अवकाश होता. तोवरचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले आणि ते मुंबईस परतले.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. नोकरी गेली ती गुणवत्तेअभावी गेली नाही, आणि हे बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. अपयशाचे कारण स्वतःत शोधत बसण्याचा घात त्यांनी करून घेतला नाही. घर मात्र चालवायचे होते. परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत रमाबाई, मुलगा यशवंत आणि एकत्र कुटुंबातील इतर माणसे होती. त्यांनी दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअर व रोखे यांविषयी व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली. अर्थशास्त्राचे एवढे ज्ञान असल्याने ती चालूही लागली, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक आटले. एका पारशी गृहस्थाचा हिशेब व पत्रव्यवहार सांभाळण्याचे कामही त्यांनी केले. यातले कोणतेही काम त्यांनी कमीपणाचे मानले नाही.

याच ओढगस्तीच्या काळात त्यांची लेखणी थांबली नव्हती. भारतातील जातिसंस्थेवरचा त्यांचा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला होता. १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा त्यांचा लेख अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळल्यावाचून तुकडे जोडून काही साधणार नाही, असा त्याचा रोख होता. गुंठ्यांच्या वाटण्या पाहिलेल्या आपल्याकडील शेतकऱ्याला तो आजही पटावा. बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे परीक्षणही त्यांनी त्याच वर्षी लिहिले. नोकरी नसलेल्या माणसाचे नाव अशा रीतीने विद्वानांच्या नजरेसमोर राहिले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. जागा हंगामी, पगार दरमहा ४५० रुपये. आरंभी विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मोजले नाही. काही महिन्यांत इतर कॉलेजांतील मुलेही परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली, तरी शिकविण्यात खंड पडला नाही. त्या काळी साडेचारशे रुपये ही मोठी रक्कम होती. दुसरा कोणी असता तर चाळ सोडून बिऱ्हाड थाटले असते. बाबासाहेबांनी चाळ सोडली नाही. रमाबाईंच्या हाती संसारापुरते पैसे ठेवून उरलेले त्यांनी लंडनसाठी बाजूला टाकले. ही बचत जितकी त्यांची, तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, रमाईची होती. चरित्रकारांनी ती रमाईच्या नावे पुरेशी मांडलेली नाही.

११ मार्च १९२० रोजी त्यांनी ही नोकरी सोडली. त्याआधी जानेवारीत ‘मूकनायक’ सुरू झाले होते आणि त्याच मार्चमध्ये माणगावची परिषद भरली. शिल्लक पुरेशी नव्हती. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले आणि जुलैमध्ये ते लंडनला रवाना झाले. बडोद्यात ज्या समाजातील लोकांनी काठ्या दाखविल्या, त्याच समाजातील मित्र येथे पाठीशी उभा राहिला, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

लंडनमध्ये अर्धपोटी राहून त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. मिळविली आणि बॅरिस्टरीही पुरी केली. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरफारासाठी परत पाठविला. पैसे संपल्याने एप्रिल १९२३ मध्ये त्यांना मुंबईस यावे लागले. दुरुस्त्या त्यांनी येथूनच करून पाठविल्या आणि वर्षअखेरीस पदवी मिळाली, ग्रंथही छापून निघाला.

वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. पुन्हा भथेनाच धावून आले. जुलै १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबई हायकोर्टात उभे राहिले. प्राध्यापकी पुन्हा शोधता आली असती. परंतु ज्या पेशात कोणी वरिष्ठ आपल्याला काढू शकत नाही, आणि समाजकार्यासाठी ज्यात वेळ आपल्या हाती राहतो, असा पेशा त्यांनी निवडला. यश लगेच आले नाही. सॉलिसिटर लोक अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम देत नसत. बरेचसे पक्षकार गोरगरीब होते आणि कामे जिल्ह्याच्या कोर्टांतली. म्हणून जून १९२५ पासून त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविण्याचे अर्धवेळ काम पत्करले आणि जवळजवळ तीन वर्षे केले. पगार दरमहा दोनशे, म्हणजे सिडनहॅमच्या निम्म्याहून कमी. १९२६ मध्ये पुण्यात जेधे-जवळकर यांच्यावर ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून चाललेल्या खटल्यात त्यांनी बचावाचे काम पाहिले आणि आरोपी सुटले. त्यानंतर वकील म्हणून त्यांचे नाव पुणे जिल्ह्यात सर्वतोमुखी झाले.

बडोदा संस्थानने दरम्यान शिष्यवृत्तीच्या रकमेची मागणी चालविली होती. कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा बाबासाहेबांनी तो महाराजा सयाजीरावांनाच अर्पण केला. त्याच ग्रंथाच्या छापील प्रती विद्यापीठास दिल्यावर १९२७ मध्ये पीएच.डी. रीतसर पदरी पडली. कोलंबिया सोडून तेव्हा अकरा वर्षे झाली होती.