कॉफी हाऊसच्या कामगारांना मालक करणारे ए. के. गोपालन

नवी दिल्लीतील कॅनॉट प्लेसजवळच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये फेटा बांधून कॉफी देणारा वाढपी हा तेथील सहकारी संस्थेचा सभासद असतो, हे तेथे बसणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. या व्यवस्थेमागे केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांची प्रेरणा होती.

गोपालन यांचा जन्म १ ऑक्टोबर १९०४ रोजी उत्तर मलबारमधील कण्णूर परिसरात झाला. काही वर्षे शिक्षकाची नोकरी केल्यावर १९३० मध्ये ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. त्यानंतर गुरुवायूर मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात स्वयंसेवकांचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९३६ मध्ये मलबारहून मद्रासपर्यंत निघालेल्या बेकारांच्या भूकमोर्चाचेही ते नेते होते. १९४१ मध्ये वेल्लोरच्या तुरुंगातून ते निसटले आणि पुढची काही वर्षे भूमिगत राहिले. १५ ऑगस्ट १९४७ चा दिवसही त्यांनी तुरुंगातच काढला.

स्वतंत्र भारतातील त्यांची स्थानबद्धता सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याला दिलेले त्यांचे आव्हान १९ मे १९५० रोजी बहुतांशी फेटाळले गेले. व्यक्तिस्वातंत्र्याचा त्या निकालातील संकुचित अर्थ न्यायालयानेच पुढे, १९७८ मधील मनेका गांधी खटल्यात, बाजूला सारला. तोपर्यंत गोपालन हयात नव्हते.

१९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले. पहिल्या लोकसभेत कम्युनिस्ट गट हा सर्वांत मोठा विरोधी गट होता आणि त्याचे नेतृत्व गोपालन यांच्याकडे होते. याच काळात कॉफी हाऊसचा प्रश्न उभा राहिला.

कॉफीचा खप वाढावा म्हणून या उपाहारगृहांची सुरुवात १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला झाली होती. पुढे ती कॉफी मंडळाच्या अखत्यारीत आली आणि देशभर त्यांच्या शाखा निघाल्या. १९५० च्या दशकात धोरण बदलले. मंडळाने शाखा बंद करण्यास सुरुवात केली आणि कामगार बेकार होऊ लागले. त्यांची संघटना होती. पण १९२६ च्या कायद्याने संघटना स्थापण्याचा हक्क दिला असला तरी मालकानेच धंदा गुंडाळला तर तो हक्क बजावायचा कोणापुढे, हा पेच होता. वाढपी, स्वयंपाकी, भांडी घासणारे असे विखुरलेले कामगार अशा वेळी सहसा नुकसानभरपाई घेऊन पांगतात.

गोपालन यांनी त्यांना पांगू दिले नाही. बंद होणाऱ्या शाखा कामगारांनीच सहकारी तत्त्वावर चालवायला घ्याव्यात, या मागणीसाठी त्यांनी आंदोलन उभे केले. संपावर भर असलेल्या चळवळीतील नेत्याने कामगारांना हिशेबाच्या वह्या आणि भांडवल उभारणीकडे वळवावे, हे तेव्हा धाडसाचेच होते. तोटा झाला असता तर तो कामगारांच्याच माथी आला असता. अखेर मंडळाला ही मागणी मान्य करावी लागली. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरमध्ये पहिली कामगार सहकारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी दिल्लीतही कामगारांचे कॉफी हाऊस सुरू झाले. ८ मार्च १९५८ रोजी थ्रिसूर येथे केरळातील पहिली शाखा उघडली. इंडिया कॉफी हाऊस हे जुने नाव बदलून इंडियन कॉफी हाऊस झाले. फेटा आणि पांढरा गणवेश मात्र जुनाच राहिला. संस्थेचे संचालक आता सभासद कामगारांतून निवडले जाऊ लागले.

१९६४ मध्ये पक्ष फुटल्यावर गोपालन मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात गेले. सलग पाच वेळा ते लोकसभेवर निवडून आले. जुलै १९७५ मध्ये त्यांनी सभागृहात आणीबाणीला विरोध केला. २२ मार्च १९७७ रोजी, लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचा पराभव स्पष्ट झाला असतानाच, तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कण्णूर जिल्ह्यातही कॉफी हाऊस कामगारांची स्वतंत्र सहकारी संस्था आहे.