एस्तेर राणी

जुन्या करारांतील दोनच पुस्तकांस स्त्रियांचीं नांवें मिळालीं आहेत. एक रूथ आणि दुसरें एस्तेर. एस्तेरच्या पुस्तकांत अवघे दहा अध्याय आहेत, आणि मूळ इब्री पाठांत परमेश्वराचें नांव एकदांही आलेलें नाहीं. धर्मपुस्तकांत देवाचें नांव नसावें ही गोष्ट प्राचीन वाचकांसही खटकली असावी. कारण पुढें ग्रीक भाषांतर झालें त्यांत एस्तेरची व मर्दखयाची अशा दोन प्रार्थना घातलेल्या आढळतात. शास्त्राच्या तासाला ही गोष्ट सांगतांना आम्ही मात्र इब्री पाठच धरून चालतों. त्यांत समुद्र दुभंगत नाहीं, कीं आकाशांतून अग्नि पडत नाहीं. एका पोरक्या मुलीवर कठीण प्रसंग आला, आणि काय करावें हें तिचें तिलाच ठरवावें लागलें, एवढेंच हें चरित्र आहे.

या चरित्राचें ठिकाण म्हणजे इराणी राजांची शूशन राजधानी. इराणच्या नैर्ऋत्य भागांत शूश नांवाचें गांव आहे, त्याच्या शेजारीं तिचे अवशेष आहेत. इ. स. १८८४ ते १८८६ या काळांत द्यूलाफ्वा नांवाच्या फ्रेंच पतिपत्नींनीं तेथें उत्खनन केलें. त्यांस सांपडलेले रंगीत विटांचे धनुर्धारी शिपाई पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत ठेविले आहेत. पुस्तकांतील अहश्वेरोश राजा म्हणजे ग्रीक लोक ज्यास झर्क्सीझ म्हणत तोच, असें सामान्यतः मानितात. त्यानें इ. स. पूर्वी ४८६ पासून ४६५ पर्यंत राज्य केलें. हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत १२७ प्रांत त्याच्या सत्तेखालीं होते, असें पहिल्याच वचनांत म्हटलें आहे. हें वाचतांच मुलें नकाशाकडे पाहूं लागतात. त्या वेळीं सिंधु नदीकांठचा प्रदेश इराणी साम्राज्यांत होता, आणि झर्क्सीझाच्या सैन्यांत सुती वस्त्रें नेसलेले व वेताचीं धनुष्यें घेतलेले हिंदी शिपाई होते, असें हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें नमूद केलें आहे. याच हिरोडोटसनें झर्क्सीझाच्या राणीचें नांव आमेस्त्रिस असें दिलें असून एस्तेरचा उल्लेख केलेला नाहीं; यावरून व इतर कारणांवरून पुष्कळ विद्वान् या पुस्तकास शुद्ध इतिहास मानीत नाहींत. खालच्या वर्गांत हा वाद काढण्याचें प्रयोजन नाहीं. वरच्या वर्गांतील मुलांपासून तो लपविण्याचेंही नाहीं. आम्ही येथें शास्त्रांतील वृत्तांताप्रमाणेंच चरित्र देत आहों.

तिचें इब्री नांव हदस्सा. एका सदाहरित सुगंधी झुडुपाचें हें नांव आहे. आईबाप वारल्यामुळें मर्दखयानें तिला स्वतःची मुलगी म्हणून वाढविलें. मर्दखय तिचा काका होता असें पुष्कळ मुलें परीक्षेंत लिहितात. पण तो तिचा चुलतभाऊ होता. त्यांचें घराणें बन्यामीन वंशांतलें. इ. स. पूर्वी ५९७ मध्यें बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानें यरुशलेमेहून जे लोक धरून नेले, त्यांत त्यांचे पूर्वज होते. पुढें कोरेश राजानें यहूद्यांस परत जाण्याची मोकळीक दिली, तेव्हां कांहीं गेले. परंतु दोन पिढ्यांत जेथें घरें झालीं, शेतें झालीं, तेथेंच पुष्कळजण राहिले. एस्तेर अशा राहिलेल्यांपैकीं होती. परमुलखांत जन्मली, तेथलीच भाषा बोलली, तेथेंच वाढली.

राजानें आपल्या कारकीर्दीच्या तिसऱ्या वर्षीं १८० दिवस वैभवाचें प्रदर्शन केलें आणि शेवटीं सात दिवस मेजवानी दिली. सातव्या दिवशीं मद्याच्या तारेंत त्यानें वश्ती राणीस दरबारी पाहुण्यांपुढें आणण्याची आज्ञा केली, तिनें नकार दिला, आणि तिचें राणीपद गेलें. आम्हांस वश्तीविषयीं नेहमींच आदर वाटत आला आहे. मुलींच्या वर्गांत तर तिच्याविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून आम्ही पुढें जात नाहीं. नंतर साम्राज्यांतील सुंदर कुमारी शूशन येथें जमविण्यांत आल्या. हें कांहीं स्वयंवर नव्हतें. मुलीची इच्छा कोणीं विचारलीच नाहीं. सहा महिने गंधरसाचें तेल व सहा महिने सुगंधी द्रव्यें लावून तिला सिद्ध करावयाचें, एकदां राजापुढें न्यावयाचें, आणि पुढें राजास आठवण झाली तरच तिला बोलावणें यावयाचें. या रीतीनें कारकीर्दीच्या सातव्या वर्षीं, तेबेथ महिन्यांत, एस्तेर राणी झाली. मर्दखयाच्या सांगण्यावरून तिनें आपली जात व आपलें कुळ कोणास कळूं दिलें नाहीं. तो रोज अंतःपुराच्या अंगणासमोर येरझारा घाली आणि तिचें कुशल विचारी. चार वर्षांहून अधिक काळ ती राजवाड्यांत अशीच राहिली.

या काळांत एक गोष्ट घडली, ती येथें सांगून ठेवतों. बिग्थान व तेरेश या दोन द्वारपालांनीं राजाच्या जिवावर घाला घालण्याचा कट केला. मर्दखयास तो कळला, त्यानें एस्तेरच्या द्वारें राजास कळविला, कटवाले फांशी गेले, आणि बखरींत तशी नोंद झाली. मर्दखयास बक्षीस मात्र कांहीं मिळालें नाहीं.

पुढें हामान नांवाचा सरदार प्रधानपदास चढला. सर्व लोक त्याला लवून मुजरा करीत, मर्दखय करीना. एका माणसाचा राग हामानानें साऱ्या यहूदी लोकांवर काढावयाचें ठरविलें. शुभ दिवस पाहण्यासाठीं त्यानें राजाच्या बाराव्या वर्षीं, निसान महिन्यांत, चिठ्ठ्या टाकविल्या. या चिठ्ठीस पूर असें म्हणत. चिठ्ठी निघाली ती वर्षाच्या शेवटच्या म्हणजे अदार महिन्याची. राज्यांत एक विलग राहणारी जात आहे, तिचे कायदे निराळे आहेत, तिला राहूं देण्यांत राजाचें हित नाहीं, असें हामानानें राजाच्या कानीं घातलें. जातीचें नांवसुद्धां घेतलें नाहीं. वर दहा हजार किक्कार रुपें खजिन्यांत भरण्याचें कबूल केलें. एक किक्कार म्हणजे सुमारें ३० किलो. हिशेब मुलांनींच करावा. राजानें कोण, कोठले, असें कांहीं न विचारतां बोटांतील मुद्रा काढून त्याच्या हातीं दिली. अदार महिन्याच्या १३ व्या दिवशीं यहूद्यांतील म्हातारीं, तरुण, स्त्रिया, लेंकरें यांस ठार मारावें व त्यांची मालमत्ता लुटावी, अशीं पत्रें प्रत्येक प्रांतास त्याच्या त्याच्या लिपींत व भाषेंत रवाना झालीं. जासूद दौडत गेले. राजा व हामान पिण्यास बसले. आणि शूशन नगर गोंधळून गेलें.

मर्दखय अंगावर गोणपाट घालून, डोक्यांत राख घालून, राजवाड्याच्या वेशीपर्यंत आला. आम्ही शिकवितांना येथें मुद्दाम थांबतों. राणीस दासींकडून त्याची ही अवस्था कळली, तेव्हां तिनें काय केलें? तिनें त्याला नवीं वस्त्रें पाठविलीं. बाहेर घरोघर आकांत चालला होता, आणि राजवाड्यांत त्याची वार्ताही नव्हती. आपल्या माणसाच्या अंगावर गोणपाट आहे तर त्याला चांगलें वस्त्र द्यावें, इतकेंच तिला सुचलें. तिच्या मनांत माया होती. परंतु सुरक्षित घरांत राहणाऱ्याच्या मायेस बाहेरचें दुःख कसें दिसत नाहीं, हें येथें दिसतें. मर्दखयानें वस्त्रें परत केलीं. मग तिनें हथाक नांवाच्या सेवकास पाठवून कारण विचारविलें. मर्दखयानें आज्ञापत्राची नक्कल तिच्याकडे धाडली आणि राजाकडे जाऊन लोकांसाठीं रदबदली कर असें कळविलें.

ती पहिल्यानें तयार झाली नाहीं. बोलावल्यावांचून जो राजाच्या आंतल्या चौकांत जाईल त्यास मृत्यूची शिक्षा. राजानें सोन्याचा राजदंड पुढें केला तरच तो वांचावयाचा. आणि आपणांस तर तीस दिवस बोलावणें आलेलें नाहीं, असें तिनें उलट कळविलें. ती भ्याली होती, आणि तें भय खरें होतें. मुलांस शूरांच्या गोष्टी सांगतांना भय गाळून टाकण्याची आपणां शिक्षकांस व पालकांस खोड आहे. त्यामुळें ज्या मुलास भीति वाटते तें स्वतःस भित्रें समजून बसतें. मर्दखयानें तिचें भय खोटें ठरविलें नाहीं. राजवाड्यांत आहेस म्हणून तूं एकटी वांचशील असें मानूं नकोस, सुटका दुसरीकडूनही होईल, पण कदाचित् याच वेळेसाठीं तुला हें पद मिळालें असेल, अशा अर्थाचा निरोप त्यानें पाठविला. तेव्हां एस्तेरनें शूशनांतील सर्व यहूद्यांस आपल्यासाठीं तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य करण्यास सांगितलें. आपणही दासींसह तसेंच करणार व नंतर कायदा मोडून राजाकडे जाणार, मग प्राण गेला तरी चालेल, असें कळविलें. इतके दिवस मर्दखय सांगे व ती करी. त्या दिवशीं तिनें सांगितलें व मर्दखयानें केलें.

तिसऱ्या दिवशीं ती राजवस्त्रें घालून चौकांत उभी राहिली, आणि राजानें राजदंड पुढें केला. पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. तिनें राजास व हामानास एकदां मेजवानीस बोलाविलें, पुन्हां दुसऱ्या दिवशींही बोलाविलें. मधल्या रात्रीं हामानानें मर्दखयासाठीं ५० हात उंच खांब उभा करविला; त्याच रात्रीं राजास झोंप येईना म्हणून बखर वाचविली गेली व मर्दखयाच्या राहिलेल्या बक्षिसाची आठवण निघाली. सकाळीं हामानास स्वतः मर्दखयाचा घोडा धरून नगरभर दवंडी पिटीत फिरावें लागलें. येथें वर्गांत हंशा पिकतो, आणि आम्ही तो आंवरीत नाहीं. दुसऱ्या मेजवानींत एस्तेरनें आपली जात उघड केली, शत्रु कोण तें सांगितलें, आणि हामान त्याच खांबावर टांगला गेला.

पुष्कळ शिक्षक येथेंच पुस्तक मिटतात. आमच्या मतें एस्तेरचा खरा मोठेपणा यापुढें आहे. हामान मेला, पण त्याचें आज्ञापत्र जिवंत होतें. राजमुद्रेचें पत्र फिरविण्याची त्या राज्यांत रीत नव्हती. राजानें एस्तेरला हामानाचें घर दिलें, मर्दखयास मुद्रा दिली, आणि त्याच्या दृष्टीनें प्रकरण मिटलें. राणी सुरक्षित होती, तिचा भाऊ प्रधान झाला होता. तिला गप्प बसतां आलें असतें. ती पुन्हां राजापुढें गेली, पायां पडून रडली, आणि राजानें पुन्हां राजदंड पुढें केला. पहिल्या खेपेस तिचा स्वतःचा जीवही धोक्यांत होता. या खेपेस ती केवळ दूरदूरच्या गांवीं राहणाऱ्या, कधीं न पाहिलेल्या लोकांसाठीं रडत होती. आमच्या शाळेंतून शिकून कितीतरी मुलें चांगल्या हुद्यांवर चढलीं आहेत. वस्तींत मागें राहिलेल्यांसाठीं हें दुसरें जाणें त्यांच्यापैकीं किती जणांस साधलें, हा विचार हा अध्याय शिकवितांना आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

सीवान महिन्याच्या २३ व्या दिवशीं दुसरें पत्र लिहिलें गेलें. पहिलें रद्द होत नव्हतें, म्हणून यहूद्यांनीं एकत्र जमून आपला बचाव करावा अशी त्यांत परवानगी होती. पहिल्या पत्रापासून हें सत्तर दिवसांनीं निघालें, आणि हिंदुस्थानापासून कूशापर्यंत पोंचावयाचें होतें. म्हणून राजाच्या तबेल्यांतील वेगवान् घोडे जुंपले. अदारच्या १३ व्या दिवशीं यहूदी वांचले. परंतु रक्तही पुष्कळ सांडलें. शूशनांत ५००, आणि प्रांतांतून ७५,००० शत्रु मारले गेले असें इब्री पाठांत आहे. एस्तेरनें शूशनासाठीं आणखी एक दिवस मागून घेतला, त्यांत ३०० पडले. लूट मात्र यहूद्यांनीं घेतली नाहीं, असें तीन वेळां सांगितलें आहे. हा भाग आम्हांस सोपा वाटत नाहीं, आणि वरच्या वर्गांत तो सोपा करून सांगण्याचा प्रयत्नही आम्ही करीत नाहीं. प्रभु येशूच्या शिकवणीशीं तो ताडून पाहणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही अडवीत नाहीं.

या सुटकेची आठवण म्हणून पूरीम सण पाळावा, एकमेकांस पक्वान्नें पाठवावींत व गरिबांस दानें द्यावींत, असें ठरलें. तें कायम करणारें पत्र एस्तेरनें मर्दखयासह लिहिलें. यहूदी लोक त्या दिवशीं हें पुस्तक मोठ्यानें वाचतात, आणि हामानाचें नांव आलें कीं मुलें खुळखुळे वाजवून व पाय आपटून तें बुडवून टाकतात. आपल्या कोंकणांत तेल गाळण्याचा धंदा करणारे व शनिवार पाळणारे म्हणून ज्यांस शनवार तेली म्हणत, त्या बेने इस्राएल लोकांतही हा सण होता. तो बहुधा फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येत असल्यामुळें ते मराठींत त्यास होळीचा सण म्हणत. त्यांच्यापैकीं बहुतेक कुटुंबें इ. स. १९४८ नंतर इस्राएल देशांत गेलीं.

पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत तीनच वचनें आहेत, आणि त्यांत मर्दखयाच्या थोरवीचें वर्णन आहे. एस्तेरचें नांव त्यांत नाहीं. तिच्या मृत्यूचा उल्लेखही शास्त्रांत कोठें नाहीं. इराणांतील हमदान शहरांत विटांच्या घुमटाखालीं दोन कबरी आहेत. त्या मर्दखयाच्या व एस्तेरच्या असें परंपरा सांगते, आणि इराणचे यहूदी कित्येक शतकें तेथें यात्रेस जात आले आहेत.