विश्लेषण : डावललेली बढती आणि किर्लोस्करवाडीची माणसे

नोकरीत बढती नाकारली गेल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी काय केले? आणि मालक झाल्यावर त्यांनी स्वतःच्या कारखान्यात कोणाला पुढे आणले?

बढती का हुकली?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन कधी रमले नाही. ओढा होता तो चित्रांकडे आणि यंत्रांकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण काही रंगांमधला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे लवकरच उघड झाले आणि चित्रकार होण्याचा विषय संपला. यांत्रिक आरेखनाला मात्र रंग लागत नाहीत. त्याच्या बळावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या ‘व्हीजेटीआय’मध्ये, साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथल्या यंत्रांशी झटत ते तंत्र शिकले.

पुढे वरची जागा रिकामी झाली. तिच्यावर लक्ष्मणरावांचा हक्क होता, पण नेमणूक झाली एका अँग्लो-इंडियन व्यक्तीची. त्या काळच्या नोकरशाहीत हे नवे नव्हते. असा अपमान गिळून लोक निवृत्तीपर्यंत कारकुनी करत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

मग उद्योग कसा उभा राहिला?

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने सायकलींचे दुकान चालले होते. तिथून गाडी कडबा कापण्याच्या यंत्रांवर आणि मग लोखंडी नांगरावर आली. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला तब्बल दोन वर्षे लागली! त्यातच नगरपालिकेने वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा मागितली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ देऊ केला. १० मार्च १९१० पासून तिथे वस्ती सुरू झाली. निवडुंग आणि साप यांखेरीज त्या माळावर फारसे काही नव्हते.

माणसे कोण होती?

अशा जागी पदव्या घेतलेले लोक येणार नव्हते, आले असते तरी टिकले नसते. म्हणून जो हाताशी होता त्याच्यातले काय कामाचे आहे, हे पाहावे लागले. लक्ष्मणरावांची खरी कसोटी इथे लागली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक अभियंते झाले. मंगेशराव रेगे आले कारकून म्हणून. वाढत वाढत सारा कारभार त्यांच्या हाती आला. शंभोराव जांभेकरांकडे यंत्रांची बाजू होती. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करत आणि बाहेरचे व्यवहारही सांभाळत. वसाहतीची आखणी व व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. कागद पाहून नेमणुका झाल्या असत्या तर यांतल्या निम्म्यांना फाटकातूनच परत जावे लागले असते.

फाटकाचीही एक गोष्ट आहे. पोलिसांची नजर असलेले तुकाराम आणि पिऱ्या हे दोघे जुने दरोडेखोर. वसाहतीच्या राखणीचे काम त्यांना दिले गेले आणि त्यांनी ते विश्वासाने केले. धोका होताच. चोरी झाली असती तर दोष नेमणाऱ्यावर आला असता, कारण ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते त्यांच्या हवाली लक्ष्मणरावांनी दारच केले होते.

पुढची पिढी कशी तयार झाली?

घरातल्या मुलांचा रस्ता वेगळा होता. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अभियांत्रिकी शिकले आणि परत येऊन वाडीच्या कारखान्यात रुजू झाले. पुतणे शंकरराव यांनी जाहिरातीची बाजू सांभाळता सांभाळता १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याच्या त्या पत्रातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले.

वडिलांनी पदवीशिवाय माणसे मोठी केली आणि मुलाला मात्र पदवीसाठी सातासमुद्रापार पाठवले, यात वरवर विसंगती दिसते. पण नांगराकडून पंप आणि इंजिनांकडे जायचे तर कार्यशाळेतला अनुभव पुरणार नव्हता. मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगळूरुला विजेच्या यंत्रांची कंपनी निघाली, तेव्हा दोन्हींची सूत्रे किर्लोस्कर घराण्यातच राहिली. मंगेशरावांसारख्या कारकुनाला वाडीत बरेच वर चढता आले, पण शेवटची पायरी आडनावाशी बांधलेली होती. त्या काळच्या भारतीय उद्योगांत याहून वेगळे चित्र विरळाच.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. तोवर कुंडल रोड स्थानकाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले होते.